बोट गेलं, पाकीट आलं: कामावर इजा झाली तर कायद्यानं नक्की काय मिळतं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे लेबर कोड लागू झाले तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतोय, "आता घरातून पाऊल बाहेर टाकलं की कंपनीची जबाबदारी, कुठंही अपघात झाला तरी भरपाई". अर्धं खरं आहे. पण हा फॉरवर्ड ज्यांच्या फोनमध्ये पडलाय त्यातल्या बहुतेकांना कायद्यातलं जे १०० वर्षं जुनं आणि पूर्ण खरं आहे ते माहीतच नसतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

मी भोसरी-चाकण पट्ट्यात टाइम ऑफिसात १९ वर्षं काढली, वकील नाही, पण मस्टर, गेटपास, अपघाताचे फॉर्म हे सगळं हातून गेलंय. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक पोरगा राहतो, २८ वर्षांचा, एका छोट्या प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर, मालक धरून आठ माणसं. रात्री अडीचला पॉवर प्रेसखाली उजव्या हाताची तर्जनी गेली, मुळापासून. सेन्सर होता पण प्रॉडक्शन अडतं म्हणून वायर काढून ठेवलेली. मला सकाळी कळलं, गेलो तर हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये सुपरवायझर त्याच्या आईला एक पाकीट देत होता, आत ४० हजार, आणि एक कोरा कागद, "मावशी इथं फक्त सही करा, शेठनी माणुसकी म्हणून दिलेत". तो कागद मी हातात घेतला म्हणून सही राहिली.

तर माणुसकीचं बाजूला ठेवू. हिशोब करू.

## चूक कुणाची, हा प्रश्नच नाही

सगळ्यात आधी डोक्यातून काढायची गोष्ट ही. आपल्याला वाटतं भरपाई म्हणजे मालकाची चूक सिद्ध करायची, साक्षीदार आणायचे. तसं नाहीये. १९२३ चा एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्ट (आधी वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन म्हणायचे, जुने कामगार अजून "वर्कमन कॉम्पेन्सेशन"च म्हणतात) हा बिनचुकीचा कायदा आहे. अपघात कामामुळं आणि कामाच्या दरम्यान झाला एवढं दाखवलं की पैसे देणं मालकावर आलं.

कारखान्यातलं मशीन बिघडलं तर मालक मेकॅनिकला बोलावतो आणि बिल भरतो, मशीनची चूक होती की नाही ते विचारत बसत नाही, तो धंद्याचा खर्च असतो. कायदा म्हणतो माणसाचं शरीर बिघडलं तर तोही धंद्याचा खर्च. इतकं साधं आहे, पण पॅसेजमध्ये उभं असताना कुणाला सुचत नाही.

आता हा १९२३ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या लेबर कोडपैकी एक असलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळलाय, त्याआधीच्या अपघातांना जुना कायदाच लागतो. गाभा, म्हणजे फॉर्म्युला आणि तत्त्व, तेच आहे. जिथं आधी भरपाईचे दावे ऐकणारा कमिशनर होता तिथं संहितेत सक्षम प्राधिकारी असा शब्द आलाय. मी खाली कमिशनरच म्हणतो, कारण कोर्टाच्या आवारात अजून तेच म्हणतात.

## आधी बघा, ईएसआय आहे का

इथं रस्ता दोन फाट्यांत फुटतो. कारखान्यात १० किंवा जास्त माणसं आणि पगार महिना २१ हजारांपर्यंत, तर तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत. स्लिपवर ०.७५ टक्के कापलेले दिसतात, मालक वरचे ३.२५ टक्के भरतो. मग भरपाई मालकाकडून नाही तर ईएसआय कॉर्पोरेशनकडून मिळते, दोन्हीकडून घेता येत नाही. कामावरच्या अपघातात उपचार फुकट, बरं होईपर्यंत सरासरी रोजाच्या साधारण ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्या हिशोबानं दर महिना पेन्शन.

यात एक गोष्ट लोकांना माहीत नसते. आजारपणाच्या पैशासाठी आधी काही महिने वर्गणी भरलेली लागते, पण कामावरच्या अपघाताला तशी अट नाही, पहिल्या दिवशी बोट गेलं तरी हक्क आहे. आणि मालकानं नावच नोंदवलं नसेल तर? ती चूक मालकाची, कॉर्पोरेशन कामगाराला देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. आमच्या पट्ट्यात अपघातानंतर घाईघाईत ईएसआय नंबर काढायची जुनी खोड आहे, नंबरावरची तारीख आणि अपघाताची तारीख ताडून बघत जा.

आठ माणसांच्या प्रेस शॉपला मात्र ईएसआय लागत नव्हता, म्हणजे आमच्या पोराचा फाटा दुसरा, थेट मालक.

## पैसे किती? हे मालकाच्या मनावर नाही

कायद्यात फॉर्म्युला आहे, त्यात घासाघीस नाही. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचे ५० टक्के गुणिले वयाचा एक आकडा. माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर ६० टक्के गुणिले तोच आकडा. वयाच्या आकड्याला फॅक्टर म्हणतात, कायद्याच्या शेवटी तक्ताच दिलाय, २५ वर्षांना २१६.९१, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. तरुणाला जास्त का? रस्ता रुंदीकरणात आंब्याचं झाड गेलं तर नुसत्या लाकडाचा भाव करून चालत नाही ना, अजून किती वर्षं फळ दिलं असतं ते बघावं लागतं, तसंच.

पगाराला मात्र एक टोपी आहे. जानेवारी २०२० पासून हिशोबात जास्तीत जास्त १५ हजार धरतात, तुम्ही ३० हजार कमवत असला तरी. माझ्या मते ही टोपी फार घट्ट आहे, तिच्या आधीची ८ हजारांची २०१० पासून तशीच बसवून ठेवलेली, पण कायदा आहे तो असा आहे.

अर्धवट अपंगत्व असेल तर पूर्ण निकामी धरून रक्कम काढायची आणि तिचे ठरलेले टक्के. त्याचाही तक्ता आहे, वाचताना खाटकाच्या दुकानातला भाव वाचल्यासारखं वाटतं पण कामाचा आहे. अंगठा ३० टक्के, तर्जनी पूर्ण १४, तिचं एक पेर ९, मधलं बोट १२, करंगळी ७, एका हाताची चारही बोटं ५०, एक डोळा काढावा लागला आणि दुसरा चांगला असला तर ४०.

आता आमच्या पोराचं करू. पगार १६,५००, म्हणजे टोपीनं १५,०००. त्याचे ६० टक्के ९,०००. वय २८ चा फॅक्टर २११.७९. गुणाकार १९,०६,११०. त्याचे १४ टक्के म्हणजे २,६६,८५५.

पाकिटात किती होते? ४० हजार.

याशिवाय उपचाराचा खरा खर्च मालकानं वेगळा द्यायचा आहे, तो या रकमेतून कापायचा नाही. आणि बरं होईपर्यंत घरी बसावं लागलं त्या काळात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, म्हणजे अर्धा पगार चालू. त्यात पहिले ३ दिवस धरत नाहीत, पण २८ दिवस किंवा जास्त लांबलं तर तेही धरतात.

मृत्यूचंही एक गणित देतो कारण लोक विचारतात, ४० वर्षांचा माणूस, पगार १५ हजार किंवा वर, ७,५०० गुणिले १८४.१७ म्हणजे १३,८१,२७५.

## "पण डॉक्टरनं तर २० टक्केच लिहिलंय"

तक्त्यात नसलेल्या इजा असतात, मणका दबला, खांदा वर होत नाही, त्यात डॉक्टरनं कमवायची ताकद किती टक्के गेली ते सांगायचं असतं. इथं घोळ होतो, कारण सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट शरीराचं असतं आणि कायदा विचारतो कमाईचं. गायकाचा गळा गेला तर शरीराचे टक्के चिल्लर, कमाई सगळी गेली.

१९७५ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल यात अजून वापरतात. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, एकच हात गेलाय, अर्धवट अपंगत्व. कोर्ट म्हणालं सुतारकाम एका हातानं होत नाही, त्याच्यापुरतं हे पूर्णच. रंधा एका हातानं मारून बघा, निकाल लगेच पटतो. त्याच निकालात आणखी एक महत्त्वाचं होतं, की पैसे द्यायची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच सुरू होते, कोर्टाचा आदेश येईल त्या दिवशी नाही. जुन्या कायद्यात एक महिना उशीर झाला की १२ टक्के व्याज, आणि विनाकारण अडवलं तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड, तो दंड विमा कंपनीच्या नाही, मालकाच्या खिशातून.

## "माझीच चूक होती हो काका"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. पोरगाही हेच म्हणाला, मला झोप आली होती. झोप येणं, घाई होणं, हात चुकणं याला कायद्यात काही किंमत नाही, भरपाई मिळतेच.

मालकाला सुटायला तीनच खिडक्या आहेत: माणूस दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली होता म्हणून अपघात झाला, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्यानं मुद्दाम मोडला, किंवा मशीनवरचा सुरक्षेचा गार्ड मुद्दाम काढला. आणि मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर या तिन्ही खिडक्याही बंद. म्हणून मेलेल्या माणसाबद्दल "तो प्यायला होता" असं कुणी घरच्यांना सांगून परत पाठवत असेल तर तो एकतर अडाणी आहे नाहीतर खोटारडा. आमच्या केसमध्ये सेन्सरची वायर कुणी काढली होती? मेंटेनन्सवाल्यानं, सुपरवायझरच्या सांगण्यावरून, दिवाळीच्या आधी.

उलट बाजूही सांगतो. कामाच्या जागी मृत्यू झाला म्हणजे आपोआप भरपाई असंही नाही. ड्युटीवर हार्ट अटॅक आला तर कामाचा ताण आणि अटॅक यांचा संबंध दाखवावा लागतो, कोर्टांनी बऱ्याच केसेस यावर फेटाळल्यात.

## "मी तर ठेकेदाराचा माणूस, पगार पण कॅश"

ठेकेदाराच्या माणसाला मूळ मालकाकडं मागता येतं. काम मूळ मालकाच्या धंद्याचं आणि त्याच्या ताब्यातल्या जागेत असेल तर तो आधी देणार आणि मग ठेकेदाराकडून वसूल करत बसणार. ठेकेदार फोन बंद करून पळाला तरी कंपनीचं गेट कुठं पळत नाही. हंगामी, रोजंदार, काल लागलेला, सगळे यात येतात. ट्रक-टेम्पोचे ड्रायव्हर-क्लीनर येतात, बांधकामावरचे येतात, ट्रॅक्टर-मळणीयंत्रावर शेतात राबणारेही येतात. ड्रायव्हरला रस्त्यावर अपघात झाला तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा हा कायदा, दोन्हींतलं एकच निवडता येतं, त्याला मात्र वकिलाला विचारून घ्या. डिलिव्हरीवाली पोरं यात सरळ बसत नाहीत, त्यांच्यासाठी नव्या संहितेत अ‍ॅप कंपन्यांच्या उलाढालीच्या १ ते २ टक्क्यांतून निधी करायचं ठरलंय, पण निधी आणि हक्क यात फरक आहे.

कॅश पगाराचं म्हणाल तर पुरावा म्हणजे फक्त पगार-स्लिप नव्हे. सुपरवायझरचा "उद्या सेकंडला ये" असा मेसेज, जीपेवर आलेला अ‍ॅडव्हान्स, गेटवरचं रजिस्टर, बरोबरचे कामगार, मशीनजवळ काढलेला एखादा सेल्फी, सगळं चालतं.

पण सगळ्यात मोठा पुरावा जिथं बनतो किंवा मरतो ती जागा म्हणजे कॅज्युअल्टीचा केसपेपर. तिथं डॉक्टर विचारतात कसं लागलं, आणि उत्तर बहुतेक वेळा जखमी माणूस देत नाही, त्याला घेऊन आलेला कंपनीचा माणूस देतो. आमच्या पोराच्या केसपेपरवर काय लिहिलं होतं माहितीये? "घरी दरवाजात बोट अडकून इजा". मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना म्हटलं, साहेब, दरवाजात अडकलेल्या बोटाला ग्रीस कसं लागेल? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, पोराला स्वतः विचारलं, आणि पुढच्या ओळीत पेशंटच्या सांगण्यानुसार कामाच्या ठिकाणी प्रेस मशीनमध्ये इजा असं लिहून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, केली. ती एक ओळ २,६६,८५५ रुपयांची आहे.

## "आता सही करून बसलोय, काय करू"

घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देतो असं लिहून दिलेला कागद कायद्यात रद्दी आहे. आपसात तडजोड करता येते पण ती कमिशनरकडं नोंदवावी लागते, आणि रक्कम फारच कमी वाटली तर तो नोंदणी नाकारू शकतो. नोंदवली नाही तर मालक पूर्ण रकमेला बांधलेला राहतो, वर जे दिलं त्याच्या अर्ध्यापेक्षा जास्त वजाही करता येत नाही, कमिशनरनं वेगळं सांगितलं तरच.

मृत्यूच्या केसमध्ये तर पैसे घरी आणून द्यायचेच नसतात, कमिशनरकडं जमा करायचे, तो बायको, मुलं, आई-वडील यांच्यात वाटतो. तीन महिन्यांच्या पगाराइतका अ‍ॅडव्हान्स तेवढा घरच्यांना देता येतो. हे का केलंय ते दहाव्याच्या दिवशी कुठल्याही घरात बसून बघितलं की कळतं, पैसे कुणाच्या हातात पडतात आणि विधवेपर्यंत किती पोचतात. या पैशावर सावकाराला जप्तीही आणता येत नाही.

## आणि तो फॉरवर्ड, जाता-येता अपघाताचा?

ही गोष्ट आपल्या मराठवाड्यातूनच वर गेली. साखर कारखान्याचा एक वॉचमन, ड्युटी पहाटे ३ ते सकाळी ११. २२ एप्रिल २००३ ला मोटरसायकलवर कामाला निघाला, कारखाना साधारण ५ किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. उस्मानाबादच्या कमिशनरनी घरच्यांना ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. हायकोर्टानं रद्द केलं, म्हणे तो अजून कामावर पोचलाच नव्हता. २९ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं कमिशनरचा आदेश परत उभा केला. ईएसआय कायद्यात जाता-येताच्या अपघाताचं कलम २०१० पासून होतंच, तोच अर्थ इथंही लावायचा असं कोर्ट म्हणालं. २२ वर्षं गेली यात, ते वेगळं.

आता संहितेत हे लिहूनच टाकलंय, पण अट आहे: वेळ, जागा, परिस्थिती आणि नोकरी यांचा धागा जुळला पाहिजे. पहाटे ३ च्या ड्युटीला निघालेला माणूस रस्त्यावर दुसऱ्या कशासाठी असणार? तिथं धागा पक्का. पण ५ ला सुटून मित्राबरोबर लोणावळ्याला गेलात आणि रात्री ११ ला घाटात पडलात, तर फॉरवर्ड दाखवून काही मिळणार नाही.

## कुठं जायचं, किती दिवसांत

अर्ज अपघातापासून २ वर्षांत. उशिराला खरं कारण असेल तर माफ करायचा अधिकार कमिशनरला आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी लेबर कोर्टाचे जजच हे काम बघतात, काही ठिकाणी सिव्हिल जज सीनियर डिव्हिजन. अर्ज अपघाताच्या जिल्ह्यातच करायला हवा असं नाही, तुम्ही जिथं राहता तिथंही चालतो, म्हणजे चाकणला हात गेला आणि माणूस लातूरला गावी परतला तर लातूरला. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा कोर्टाच्या इमारतीत विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, औद्योगिक कामगाराला तिथं मोफत वकील मिळतो.

केस केली तर नोकरी जाईल, हा शेवटचा प्रश्न, आणि याला माझ्याकडं गोड उत्तर नाही. छोट्या शॉपमध्ये जाते, कायदा काही म्हणो. पण तर्जनी नसलेल्या ऑपरेटरला तिथं प्रेसवर किती दिवस ठेवणार होते, हाही हिशोब करून बघा.

पोराची आई परवा वर आली होती, ते पाकीट घेऊन, तसंच, रबरबँडसकट. "परत देऊन टाकू का भाऊ? उगाच अंगाशी नको." मी म्हटलं कशाला, हॉस्पिटलचं बिलच ३८ हजार झालंय, त्यात भरून टाका. पावती मात्र आपणच लिहू. मग तिच्यासमोर बसून लिहिली, तारीख, रक्कम, आणि "उपचाराच्या खर्चापोटी मिळाले". सुपरवायझर म्हणाला त्यात "पूर्ण आणि अंतिम" एवढं घाला ना. पोरानं डाव्या हातानं सही केली, वाकडीतिकडी, आणि तो शब्द काही घातला नाही.